पेन्शन प्रयागराजची, रेकॉर्ड बेळगावचे, दाखला ग्रामपंचायतीचा

वडील गेले त्या आठवड्यात आईने माळ्यावरची रेक्झिनची बॅग खाली काढली. तोफखान्यातून निवृत्त होताना वडिलांनी आणलेली. आत डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीची नोंदवही), पिवळा पडलेला पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश), कॅन्टीनचे कार्ड आणि एका पाकिटात दोघांचा जोडफोटो. कागद म्हणाल तर सगळे होते. तरी तिचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला आठ महिने लागले. सैन्याच्या नोंदीत तिचे नाव होते सिंधूबाई, आधारवर होते सिंधू, आणि मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांच्या इंग्रजी नावात एक अक्षर जास्तीचे पडले होते. त्या एका अक्षरापायी आम्ही किती हेलपाटे घातले ते मोजणेही मी सोडून दिले होते.

त्या आठ महिन्यांत मला जे कळले ते आता आमच्या नाशिकरोडच्या गल्लीत उपयोगी पडते. कुणाचे मिस्टर गेले, कुणाचे पॉलिक्लिनिकचे, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याचे, कार्ड चालेना, कुणाच्या मुलीची शिष्यवृत्ती अडकली, की काकू-मावश्या पिशवी घेऊन येतात. बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच असतो: "नेमकं जायचं कुठं?" त्याचे उत्तर सोपे नाही, कारण माजी सैनिकाचे काम एका कार्यालयाच्या हातात नाही.

सैन्य हा केंद्र सरकारचा विषय. भरती, पगार, पेन्शन, सैन्याचे दवाखाने, सगळे दिल्लीच्या अखत्यारीत. पण जवान निवृत्त होऊन घरी येतो तेव्हा तो निफाडच्या किंवा सिन्नरच्या एखाद्या गावाचा रहिवासी होतो. त्याची घरपट्टी, सातबारा, मुलांचे दाखले, रेशनकार्ड राज्याकडे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांकडे असते. या दोन जगांना जोडायला प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. आपल्याकडे ते राज्याच्या सैनिक कल्याण विभागाखाली चालते, त्या विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्र देते, ४० टक्के राज्य. वर दिल्लीत केंद्रीय सैनिक बोर्ड, खाली जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा सैनिक मंडळ. कागदावर ही साखळी चांगली आहे. पण तिची शेवटची कडी तालुक्यापर्यंत आणि गावापर्यंत पोहोचत नाही, आणि माणूस राहतो तो गावात.

आता दारे एकेक करून पाहू.

पहिले दार रेकॉर्ड ऑफिसचे. भरतीच्या दिवसापासूनची जवानाची सगळी नोंद इथे असते: बढती, बदली, लग्न, मुलांचे जन्म. लग्न झाले, मूल झाले, की युनिटमधून 'पार्ट टू ऑर्डर' निघते आणि ते नाव नोंदीत चढते. पुढे पेन्शनच्या कागदावर, पॉलिक्लिनिकच्या कार्डावर, मुलांच्या शिष्यवृत्तीत तेच नाव धरले जाते. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या क्लार्कने ऐकून लिहिलेले स्पेलिंग आजही घर चालवते.

रेकॉर्ड ऑफिस कुठे आहे हे पलटणीवर ठरते, गावावर नाही. तोफखान्याचे रेकॉर्ड आपल्याच नाशिकरोड कॅम्पात आहे. त्यामुळे पंजाब, राजस्थान, बिहारचे जुने गनर कागदासाठी नाशिकला पत्र लिहितात. पण नाशिक जिल्ह्यातला जो पोरगा मराठा लाइट इन्फंट्रीत गेला, त्याची नोंद बेळगावला. महार रेजिमेंटवाल्याची मध्य प्रदेशातल्या सागरला. बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलाचा, असेल तर खडकीला, ईएमईचा, म्हणजे वाहने-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दलाचा, असेल तर सिकंदराबादला. नांदगावकडच्या एक आजी माझ्यासमोर बसल्या होत्या, त्यांचे यजमान महार रेजिमेंटचे. "सागरला पत्र टाकावं लागेल," म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "सागर म्हणजे मुंबईकडं का गं बाई?" नवऱ्याने अख्खी तरुणाई ज्या रेजिमेंटला दिली, तिचे घर कोणत्या राज्यात आहे हे त्यांना कुणी कधी सांगितलेच नव्हते. मला त्या दिवशी फार वाईट वाटले.

दुसरे दार पेन्शनचे. पेन्शन मंजूर करणारे कार्यालय प्रयागराजला आहे आणि आता बहुतेक कारभार 'स्पर्श' या ऑनलाइन यंत्रणेतून चालतो. पूर्वी बँकेतला ओळखीचा साहेब सांभाळून घ्यायचा, आता ओटीपी लागतो. आणि तो ओटीपी जातो गेलेल्या माणसाच्या मोबाइलवर, नाहीतर पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाच्या. म्हणून जिवंतपणीच स्पर्शमध्ये नवरा-बायको दोघांचे आधार, पॅन, मोबाइल आणि जोडखाते तपासून घ्यावे. एक पेन्शनर गेल्यावर दुसऱ्याचा मार्ग त्याने निम्मा मोकळा होतो. हयातीचा दाखला वर्षातून एकदा, बहुतेकांचा नोव्हेंबरात. शेतात राबलेल्या बायकांच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, पण आता चेहरा दाखवूनही जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, काढता येते. स्मार्टफोन असलेला नातू घरी असला तर कुठे जायलाही नको.

दवाखान्याचे दार वेगळे. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही अंशदायी आरोग्य योजना आहे. आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग यादीतले खासगी रुग्णालय, असा क्रम. तातडीच्या वेळी थेट यादीतल्या रुग्णालयात जाता येते. एक गोष्ट मात्र लोक हटकून विसरतात: मुख्य सदस्य गेल्यावर पत्नीचे कार्ड बदलून घ्यावे लागते. जुन्या कार्डावर गोळ्या मिळत होत्या म्हणून कुणी लक्ष देत नाही, आणि ऐन ऑपरेशनच्या वेळी अडते.

तिसरे दार जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे. इथे निवृत्तीनंतर नाव नोंदवायचे, माजी सैनिकाचे किंवा विधवेचे ओळखपत्र घ्यायचे. निवृत्त होऊन वीस वर्षे झाली तरी नोंदणी न केलेली माणसे मी पाहिली आहेत. पेन्शन चालू आहे, मग कशाला, असे त्यांना वाटते. पण बहुतेक सगळ्या योजनांची शिफारस इथूनच जाते. मुलांना व्यावसायिक पदवीसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती, मुलींना महिना ३,००० रुपये आणि मुलांना २,५००. राज्याच्या क आणि ड गटातल्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण. सैनिकांच्या मुला-मुलींसाठी वसतिगृहे. सुरक्षारक्षकासारखे काम हवे असेल तर २००२ पासून चालणारे मेस्को, म्हणजे माजी सैनिक महामंडळ.

या सगळ्यात मला सर्वात महत्त्वाची वाटते ती पेन्शन नसलेल्यांची मदत. सैन्यात गेलेला प्रत्येक माणूस पेन्शन घेऊन परत येत नाही. जवानाला पेन्शनसाठी साधारण १५ वर्षे सेवा लागते, आणि काही जण त्याआधीच घरी आले. अशा ६५ वर्षांवरच्या, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांना आणि विधवांना, दुसरे नियमित उत्पन्न नसेल तर, संरक्षणमंत्र्यांच्या निधीतून दरमहा मदत मिळते. ती ४,००० होती, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० झाली आहे. त्याच वेळी मुलांच्या शिक्षणाची मदत १,००० वरून २,००० आणि मुलीच्या लग्नाची ५०,००० वरून १ लाख झाली. हे पैसे सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून येतात. दरवर्षी ७ डिसेंबरला शाळेत आणि कचेरीत आपण छातीला जो छोटा ध्वज लावून पैसे देतो, तोच निधी. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो.

पण जरा विचार करा. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यावर एखादे ७० वर्षांचे आजोबा आहेत, आठ-नऊ वर्षे फौजेत काढून परत आले, पेन्शन नाही, मजुरीवर दिवस काढले. महिना ८,००० म्हणजे त्यांच्यासाठी घर चालते. त्यांना हे सांगणार कोण? केंद्रीय सैनिक बोर्डाचा अर्ज ऑनलाइन आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय नाशिक शहरात आहे. सुरगाण्याहून नाशिक सुमारे ९० किलोमीटर, मालेगावहून १०० च्या आसपास. जिल्ह्याला १५ तालुके. एका कार्यालयाच्या चार टेबलांनी १५ तालुक्यांतली घरे शोधणे माणसाच्या हाताबाहेरचे आहे. ते आजोबा माजी सैनिक आहेत हे गावात सगळ्यांना माहीत असते, फक्त कुठल्याही रजिस्टरमध्ये लिहिलेले नसते.

म्हणूनच चौथे दार सगळ्यात मोलाचे. ते आहे ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेचे विभागीय कार्यालय. ते घरापासून सगळ्यात जवळ असते आणि माजी सैनिकाचे आपल्याशी काही काम आहे हे तिथे सगळ्यात कमी ठाऊक असते.

सर्वात आधी मृत्यूचा दाखला. लोकांना वाटते पेन्शन अडते ती प्रयागराजला. माझा अनुभव असा की ती बऱ्याचदा दाखल्याच्या खिडकीवरच अडते. मराठी माणसाचे नाव तीन भागांचे: स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आणि आडनाव. सैन्यात ते कधी आडनाव आधी, कधी मधले नाव गाळून, कधी हिंदी उच्चाराने लिहिलेले. रुग्णालयातून माहिती जाते ती आधारप्रमाणे, नाहीतर घाईत नातेवाइकाने सांगितली तशी. घरात प्रेत असताना कुणाला स्पेलिंग सुचते? दाखला तयार होतो, दहा प्रती निघतात, आणि तीन महिन्यांनी कळते की पीपीओवरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव जुळत नाही. मग दुरुस्तीचा अर्ज, एकाच व्यक्तीची दोन नावे असल्याचे प्रतिज्ञापत्र, नवा दाखला, पुन्हा अपलोड. तोवर बाईच्या खात्यात काही नाही.

यावर उपाय करायला ना नवा कायदा लागतो ना पैसा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्या खिडकीवरच्या माणसाने एवढेच विचारायचे: "सैन्यात होते का? पीपीओ किंवा डिस्चार्ज बुक आणलंय का?" आणि इंग्रजी स्पेलिंग त्यात बघून टाकायचे. नाशिक महापालिकेची सहा विभागीय कार्यालये आहेत, त्यांतल्या नाशिकरोड विभागात तर फौजींची वस्ती दाट. तिथे खिडकीवर मराठीत आणि हिंदीत एक पाटी लागली तरी पुष्कळ घरांचे महिनेच्या महिने वाचतील. हिंदीत यासाठी की तोफखान्यातून निवृत्त झालेली परप्रांतातली अनेक कुटुंबे इथेच स्थायिक झाली आहेत. (त्यांनी लक्षात ठेवावे: केंद्राच्या योजना कुठेही राहिलात तरी मिळतात, राज्याच्या योजनांना महाराष्ट्राचा अधिवास विचारला जातो.)

नोंद चुकली तर घाबरू नका. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात चुकीची नोंद दुरुस्त करण्याची तरतूद आहे. आणि मृत्यूचा दाखला ही लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली येणारी सेवा आहे. मुदतीत मिळाला नाही तर पहिले अपील, दुसरे अपील, मग आयोग, असा रस्ता आहे, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्जाची पोच मात्र घ्यायचीच, तोंडी "या उद्या"वर परत फिरायचे नाही.

दुसरी गोष्ट घरपट्टीची. २०२० मध्ये राज्य सरकारने बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घराच्या मालमत्ता करात माफी दिली, शहरात आणि गावात दोन्हीकडे. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र लागते. नाशिकची खास अडचण म्हणजे देवळाली कॅम्प. तिथली घरपट्टी महापालिका घेत नाही, कटक मंडळ (लष्करी छावणीचा कारभार पाहणारी संस्था) घेते, आणि कटक मंडळे २००६ च्या कायद्याखाली संरक्षण मंत्रालयाकडे आहेत. त्यामुळे नाशिकरोडच्या मित्राला सूट मिळाली म्हणून कॅम्पात आपोआप मिळेल असे धरून चालू नये, मंडळाच्या कार्यालयात लेखी विचारावे. बाकी ठिकाणी माझे एकच मागणे आहे: घर एकदा माजी सैनिकाचे म्हणून नोंदले की ते नोंदलेलेच राहावे. तो गेल्यावर पत्नीच्या नावाने सूट पुढे चालावी, तिने ७० व्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून फाइल उभी करू नये.

तिसरी गोष्ट अंतराची. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत 'कल्याण संघटक' हे पद असते. तालुक्यात जाऊन माजी सैनिकांना भेटणे हे त्याचे कामच. पण तो कधी येणार, कुठे बसणार, हे गावाला कळायला हवे. महिन्यातला एक ठरलेला वार, तहसील कार्यालयातली एक ठरलेली खोली, आणि आठवडे बाजाराचा दिवस धरून. आमच्याकडे माणसे बाजाराला येतातच, त्याच एसटीने पिशवीत कागद घेऊन येतील. त्या दिवशी त्याच्या शेजारी तहसीलचा एक कर्मचारी उत्पन्नाच्या आणि रहिवासी दाखल्यासाठी बसला, आणि एक संगणकवाला स्पर्शचे काम बघायला बसला, तर चारातली तीन दारे एका खोलीत येतात. गावातल्या सेवा केंद्रांतही स्पर्शची कामे होतात, पण केंद्र चालवणाऱ्या पोराला ते एकदा कुणीतरी शिकवले पाहिजे. आमच्या ओळखीच्या एका केंद्रचालकाला मी स्वतः एक संध्याकाळ बसून दाखवले. आता तो हयातीचे दाखले झरझर काढतो.

आणि हे सगळे आत्ताच का करायला हवे, तर अग्निवीरांसाठी, म्हणजे चार वर्षांसाठी सैन्यात घेतलेल्या तरुणांसाठी. जून २०२२ मध्ये योजना आली, पहिली तुकडी २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला लागली. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रातही अग्निवीर घडले. चार वर्षांनी त्यांतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, बाकीचे साधारण ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन घरी येणार. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे वर सांगितलेल्या दारांपैकी बरीचशी त्यांच्यासाठी बंदच आहेत. बावीस-पंचवीस वर्षांची ही पोरे चांदवड, येवला, सटाण्याच्या गावांत परत येतील तेव्हा त्यांना ओळखणारे सरकारचे पहिले माणूस ग्रामसेवकच असेल. हातात एकरकमी पैसा, वय लग्नाचे, आजूबाजूला जमीन आणि गाडी विकायला टपलेले लोक. त्या वेळी पैसे कुठे ठेवावेत, कोणती भरती निघाली आहे, कोणता अभ्यासक्रम करता येईल, हे सांगणारा एखादा जाणता माणूस तालुक्यात बसलेला असावा. जुने सुभेदार, हवालदार गावोगावी आहेत. त्यांना नुसती खुर्ची आणि फोन दिला तरी ते हे काम आनंदाने करतील, मी विचारून पाहिले आहे.

या सगळ्याचा पाया एक साधी वही आहे. ग्रामपंचायतीत माजी सैनिक, विधवा, सेवेत असलेले जवान आणि परतलेले अग्निवीर यांची नोंद: नाव सैन्याच्या कागदावर आहे तसे, पलटण, सेवाक्रमांक, रेकॉर्ड ऑफिस कुठे, पेन्शन आहे की नाही, पत्नीचे नाव नोंदीत कसे आहे. गावात असे पाच-दहा, फार तर पन्नास लोक असतील. एका दुपारचे काम. वही मात्र कपाटात कुलूपबंद राहावी, कारण सेवाक्रमांक आणि खाते यांवर डोळा ठेवणारे भामटे फोन करतातच. महापालिकेत प्रभागनिहाय तीच नोंद करता येईल. तालुक्याला कल्याण संघटक आला की पहिल्यांदा ही वही उघडायची, आणि पेन्शन नसलेले ६५ वर्षांवरचे कोण आहेत ते बघून त्यांच्या घरी निरोप पाठवायचा.

घरी आज काय करायचे, असे कुणी विचारले तर मी बॅग काढायला सांगते. डिस्चार्ज बुक, पीपीओ, दोघांचे आधार, बँक पासबुक एका रांगेत मांडा आणि पत्नीच्या नावाचे एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. फरक दिसला तर नवरा हयात असतानाच रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. तो स्वतः सही करू शकतो तोवर हे काम पुष्कळ सोपे असते. पीपीओच्या दोन प्रती काढून एक मुलीकडे ठेवा. आणि बाईला बॅग कुठे आहे एवढेच सांगू नका, आत काय आहे तेही सांगा. आईला तो पीपीओ म्हणजे काय हे वडील गेल्यावर मी समजावले. तोवर तिने तो तीस वर्षे जपून ठेवला होता, पण एकदाही वाचला नव्हता.

२६ जानेवारीला गावोगावी झेंडावंदन होते आणि ग्रामसभाही भरते. त्या दिवशी माजी सैनिकांना शाल-श्रीफळ देऊन पुढच्या रांगेत बसवतात. तुमच्या गावात ते पुढच्या रांगेत बसलेले असतील तेव्हा, सत्कार झाल्यावर, सरपंचांसमोर ही वही ठेवायला सांगा. सगळे हजर असतात, कागद घरून पाच मिनिटांत येतात, आणि ज्यांना सत्काराचे बोलावणेच गेलेले नसते अशा विधवांची नावे आठवून सांगणारी माणसेही तिथेच उभी असतात.